सात नंबरचं माप

सेलूला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी खोली शोधत दोन दिवस फिरत होतो. तिसऱ्या दिवशी स्टेशनकडच्या रस्त्यावर एका टेलरच्या दुकानावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'वर खोली देणे आहे. शिक्षक चालंल.' मी गणिताचा शिक्षक. आत शिरलो. मशीनवर एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. तोंडात दोन बटणं, टोपीत खोवलेल्या चार सुया. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मुंबईच्या गिरणीकडून तो एक खेळायचा. चढाईला जायच्या आधी जांभई द्यायचा. तो कोन्त्या पायानं लाथ मारायचा?"

मी म्हणालो, "खोलीबद्दल विचारायचं होतं."

"खोलीचंच चालू हाय. बोला."

"उजव्या," मी ठोकून दिलं.

"सपशेल चूक. तो लाथच मारत न्हवता, निस्ता हातानं खेळायचा." त्यांनी बटणं तळहातावर काढली, उठले, गळ्यातला टेप काढून माझ्या मानेभोवती फिरवला आणि म्हणाले, "चौदा. खोली घ्या. पन तुमाला लय शिकवावं लागतंय बरं का."

त्या दिवसापासून नऊ वर्षं मी त्या घरात 'चौदा' होतो. "ओ चौदा, चहा झालाय, खाली या," अशी हाक यायची आणि मी निमूट जिना उतरायचो. गावाला ते 'मास्टर' म्हणून ठाऊक होते. त्यांना मात्र गावातल्या एकाचंही नाव धड ठाऊक नसावं. ज्याचं जे माप डोळ्यांत भरेल ते त्याचं नाव. बँकेचे मॅनेजर 'बेचाळीस कंबर', समोरचा पानवाला 'आखूड बाही'. एकदा तहसीलदार साहेब सफारी शिवायला आले, तर मास्टर बसल्या जागेवरून हलले नाहीत. आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं, एक चहा टाक, सव्वादोन मीटर आलंय!" साहेब मोठ्या मनाचे, ते हसले. मी असतो तर दुसरा टेलर पाहिला असता.

मास्टरांचं खरं वेड मात्र खेळाडूंचं. तेही कुठले? ज्यांचे फोटो पेपरात आले, ज्यांना गाड्या नि बंगले मिळाले, त्यांच्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना हवे असत अर्धवट विसरलेले. कुठल्यातरी कंपनीच्या संघात दोन मोसम पगारावर खेळून गायब झालेला कोपऱ्यातला गडी. दौऱ्यावर सगळीकडे गेला आणि कधीच मैदानात न उतरलेला राखीव यष्टिरक्षक. मराठवाड्यातली मैदानं मारणारा पण सुईला भिणारा पैलवान, ज्याचं माप मास्टरांनी दुरूनच दोरी धरून घेतलं होतं. "जिंकलेल्याला समदेच ध्यानात ठेवतेत," ते म्हणायचे, "बाकावर बसलेल्याच्या चड्ड्या कुनी शिवल्या? म्या शिवल्या. मंग त्यांला म्याच ध्यानात ठेवावं लागंल का न्हाई?"

यात फुशारकी नव्हती. सेलूच्या कबड्डी स्पर्धेला तेव्हा लांबलांबचे संघ रेल्वेने यायचे. मातीचं मैदान, पकडीत बनियन टरकन् फाटायचे, आणि फाटक्या बनियनवर पंच खेळू देत नसत. म्हणून आयोजकांनी एक रिवाजच पाडला होता. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या पिंपाशेजारी, एक शिलाई मशीन मांडायची. गडी धावत यायचा, मास्टर अंगावरच टाके मारायचे, गडी परत आत. कोण हरलं, कोण जिंकलं हे बाकीच्यांनी पाहिलं. मास्टरांनी पाहिल्या त्या छात्या, खांदे, बरगड्या आणि धापा. खेळाडूचं नाव ते विसरत, पण धाप विसरत नसत.

आपल्याला काय, ऐकायला गंमत वाटते. गिऱ्हाइकांचे मात्र हाल. माप देण्याआधी प्रश्न. उत्तर चुकलं तर कापड ठेवून घरी जायचं आणि उत्तर घेऊन यायचं. पालमच्या बाजूला ड्युटी करणारा एक एसटी कंडक्टर खाकी पँटसाठी तीनदा परत गेला. चौथ्या वेळी बिचारा वडिलांनाच सोबत घेऊन आला. वडिलांनी बरोबर उत्तर दिलं, तर मास्टरांनी पँट वडिलांच्या मापाची कापली. पोरं मोबाईल काढून शोधायला लागली की मास्टर खूश व्हायचे. "धुंडा, धुंडा. त्याच्यात फकस्त कप घेतलेले सापडतेत."

बाकी रोजच्या व्यवहारात हा माणूस म्हणजे सगळा आनंद. आपण जेवलो की नाही हे बायकोला, म्हणजे काकूंना, विचारायचे. काकू कपाळाला हात लावून मला सांगत, "सर, ह्यांला लग्नाची तारीख इचारून बघा. सांगता यायची न्हाई. पन त्या दिशी मैदानात कोन कुनाला हारवलं ते इचारा."

"लढत बरोबरीत सुटली," मास्टर आतून म्हणाले.

त्यांच्याकडे एक प्रश्न शेवटचा होता. फार हुशारी करणाऱ्यासाठी राखून ठेवलेला. "सांगा, चाळीस छातीच्या बनियनमंदी चौतीस छाती कवा मावली?" या प्रश्नाचं उत्तर नऊ वर्षांत कोणाला आलं नाही. मी खनपटीला बसलो तर म्हणाले, "शब्द दिलाय. इचारायची परवानगी हाय, सांगायची न्हाई." मला वाटलं, म्हातारपणाची एक चक्रम लहर. सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट मी पाहत होतो आणि तिचाही अर्थ लावत नव्हतो. तहसीलदारांसाठी न उठणारे मास्टर एका माणसासाठी उठायचे. वालूरचे किसनदादा. जिनिंगमध्ये कापसाची ओझी वाहण्यात उभी हयात गेलेली. स्पर्धेच्या दिवसांत मैदानावर पाणी मारायचं आणि चुन्याच्या फक्कीने रेषा आखायच्या हे काम त्यांच्याकडे. दोरी न लावता रेषा आखायचे आणि केसभर वाकडी जायची नाही. मी एकदा भूमितीचा वर्ग घेऊन मुद्दाम पाहायला गेलो होतो. काम झालं की ते दुकानाच्या पायरीवर येऊन बसत. मास्टर ताडकन उठून आपलं स्टूल पुढे करत. "या चौतीस, वर बसा."

"हितंच बरा हाय मास्टर. फक्की लागंल तुमच्या कापडाला."

"लागू द्या की."

चौतीस. हाक माझ्या कानावर, कोडं माझ्या कानावर, आणि मी गणिताचा शिक्षक. दोन आणि दोन चार करायला मला नऊ वर्षं लागली, हे आजही कोणाला सांगताना लाज वाटते.

आता आबांबद्दल सांगितलं पाहिजे. सेलूच्या संघाने एकदाच, चाळीसेक वर्षांपूर्वी, मुंबईच्या पगारी गिरणी संघाला अंतिम सामन्यात हरवलं. शेवटचं अर्धं मिनिट, सेलू एका गुणाने मागे, आणि सात नंबरच्या गड्याने चढाई केली. दोघांनी त्याला घोट्याला आणि कमरेला धरलं. तो त्या दोघांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला, बोटं रेषेपलीकडे टेकवली. दोन गुण. कप सेलूचा. सात नंबर आबांचा. मोठ्या शेतकरी घराण्यातला धिप्पाड तरुण. दुसऱ्या दिवशी पेपरात आबांचं नाव आलं आणि पुढची चाळीस वर्षं तेच नाव राहिलं. मी एका सत्कारात आबांना ऐकलंय. लोक टाळ्या वाजवत होते आणि ते खाली बघत एवढंच म्हणाले, "त्या दिवशी सात नंबरने कमाल केली." मला तेव्हा त्यांच्या विनयाचं फार कौतुक वाटलं होतं.

आबा वारले. नंतर दोन वर्षांनी मैदानाला नवं प्रवेशद्वार झालं आणि त्यावर संगमरवरी रंगाची मोठी पाटी लावायचं ठरलं, 'शेवटची चढाई', खाली आबांचं नाव. आबांचा मुलगा समितीचा अध्यक्ष. सालस माणूस. पाटीवरचा पडदा शिवायचं काम अर्थातच मास्टरांकडे आलं.

ऑर्डर घेतली त्या दिवसापासून मास्टरांचे प्रश्न बंद. गिऱ्हाईक यायचं, माप द्यायचं, जायचं. गावात बातमी पसरली की मास्टर आजारी आहेत. मी खाली उतरून पाहिलं तर ते पडदा मांडीवर घेऊन बसलेले. पडद्याचे दोन पाखे बाजूला सरकायचे असतात, तर हे मधोमध शिलाई मारत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"मास्टर, हे उघडणार कसं?"

"चौदा," ते म्हणाले, "एकदा पाटी उघडली की मान्सं वाचतेत. वाचलेलं मान्सं खोडत न्हाईत. मनून पक्कं शिवायलोय."

मला काही कळलं नाही. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, दोन रात्री झोपले न्हाईत. कुनाला तरी दिलेला शब्द मोडायचाय मनतेत. जन्मात ह्यांनी एक काज मोडला न्हाई."

कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे. गावात शिक्षक कशाला असतो? चार वाजता मैदान गच्च भरलं. स्टेजवरच्या टेबलावर तो जुना कप आणि शेजारी काचेच्या पेटीत निळा बनियन, पाठीवर पांढऱ्या कापडाचा सात. आबांच्या घरून मुद्दाम आणलेला. खाली नव्या लीगमध्ये खेळून आलेली पगारी पोरं प्रदर्शनी सामन्यासाठी अंग मोकळं करत होती. किसनदादा शेवटची रेषा आखून, रिकामं घमेलं घेऊन कडेला उभे होते.

पाहुण्यांनी दोरी ओढली. पडदा हलला नाही. पुन्हा ओढली. दांडा वाकला, पण पडदा जागचा हलेना. माझ्याजवळ तीन चारोळ्या होत्या, त्या मी ओळीने संपवल्या. चौथ्यांदा दोरी ओढली तेव्हा दोरीच तुटून पाहुण्यांच्या हातात आली आणि लोक हसायला लागले. तेवढ्यात मास्टर कैची घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसले. मला हायसं वाटलं. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"हा पडदा म्या शिवला. म्याच उसवनार. पन आधी एक सवाल. चाळीस छातीच्या बनियनमंदी चौतीस छाती कवा मावली?"

आली लहर, मला वाटलं. लोकांतून शिट्ट्या आल्या. कोणीतरी ओरडलं, "मास्टर, घरी जा!" आबांचा मुलगा उठून नम्रपणे म्हणाला, "मास्टर, कार्यक्रम होऊ द्या, मग सांगा."

"मंग उशीर होतो बाबा. चाळीस वर्सं झालाय." त्यांनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं. "तुज्या बापाची छाती किती?"

"चाळीस. बेचाळीस असेल."

"चाळीस. म्या शिवलाय तो बनियन. आता तो भाईर काढ आन् उलटा कर."

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी मास्टरांकडे. मास्टरांचा चेहरा पाहून मी पेटीची कडी काढली. मुलाने बनियन बाहेर घेतला आणि आतली बाजू वर केली. दोन्ही कुशींना तीन-तीन इंच कापड आत दुमडून हाताने टाके मारले होते. निळ्या कापडाला जांभळा दोरा. डाव्या खांद्यावर आणखी अर्ध्या इंचाची चिमटी.

मास्टर सांगत गेले. मध्यंतराला आबांचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. राखीव गडी नव्हता. जिनिंगची पोरं जेवणाच्या सुट्टीत कबड्डी खेळायची, त्यातलं एक पोरगं पिंपाजवळ पाणी भरत होतं. कप्तानाने त्याला ओढून मशीनशी आणलं. यादीत नाव नसलेला गडी खेळवला हे कळलं असतं तर सामनाच गेला असता. म्हणून आबांना तंबूत लपवलं, त्यांचा बनियन त्याला घातला, तोंडाला माती फासली, कपाळाला ओला रुमाल बांधला. निळा दोरा संपलेला होता. कोणाच्यातरी लग्नाच्या ब्लाउजचा जांभळा खिशात होता.

"पाच मिनिटांत अंगावरच शिवला म्या. डावा खांदा अर्धा इंच खाली, ओझी वाहून वाहून. सामना झाला आन् कप्तानानं आमाला शपत घातली. बोललाव तर कप वापस जाईल. चाळीसनं घेतली, म्या घेतली, त्या पोरानंबी घेतली. पोरगं बनियन काढून दिलं आन् दुसऱ्या पाळीला कामावर गेलं." मास्टर थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून कोणाचं तरी नाव ऐकलं. "किसन दगडू, वर या!"

किसनदादांच्या हातातलं घमेलं खाली पडलं. ते जागचे हलले नाहीत. दोन्ही हात जोडून तिथूनच ओरडले, "राहू द्या हो मास्टर! कप जाईल की!"

चाळीस वर्षांनी, आपलं नाव घेतलं जात असताना, त्या माणसाला काळजी होती ती कपाची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सूत्रसंचालकाने रडू नये हा नियम मी मोडला.

"कुनाकडं जाईल?" मास्टर माइकमध्ये गरजले. "ज्या संघाला हारवलं तो संघ न्हाई. त्याची गिरनी न्हाई. कप्तान न्हाई, पंच न्हाई. कप न्यायला आता यमच यायचा, आन् त्यालाबी आधी माझ्या सवालाचं उत्तर द्यावं लागंल!"

लोक हसले, पण आबांचा मुलगा हसला नाही. बनियन हातात धरून तो टाक्यांकडे पाहत होता. त्याच्या बापाची कीर्ती त्या जांभळ्या दोऱ्यावर लोंबकळत होती आणि सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मास्टर त्याच्याजवळ गेले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, पण माइक हातातच होता.

"तुजा बाप खोटा न्हवता, लेकरा. हे टाके उसवायला दोन मिनिटं लागली असती. उसवून घातला असता, तर कुनाला कळलं असतं? त्यानं कवाच घातला न्हाई आन् कवाच उसवला न्हाई. जसा आला तसा पेटीत ठिवला. शपतीमुळं तोंड बंद होतं. मनून त्यानं हे टाके ठिवले."

मुलाने टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "बाबा कधी 'मी' म्हणाले नाहीत. आम्ही विचारायचो, शेवटची चढाई कशी केली सांगा. ते म्हणायचे, सात नंबरने केली." एवढं बोलून तो स्टेजवरून खाली उतरला, गर्दीतून चालत गेला, किसनदादांचा हात धरून त्यांना वर घेऊन आला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगात तो बनियन चढवला.

बसला. कुशीत बसला, छातीत बसला, डाव्या खांद्यावर तर असा बसला की मास्टरांनी टेप न काढताच मान हलवली. "चौतीस! चाळीस वर्सांत एक सूतबी फरक न्हाई!" हलगीवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याने हलगीवर काडी टाकली. पाहुण्यांसाठी आणलेला फेटा मुलाने किसनदादांना बांधला. दोन शब्द बोला म्हणून मी माइक पुढे केला, तर ते मागे सरकले.

"बोलता येत न्हाई सर. खेळून दाखवू का?"

आणि ते गेले. अनवाणी, फेटा तसाच, धोतराचा काष्टा मारून, स्वतःच आखलेल्या मध्यरेषेशी वाकले, मातीला हात लावून कपाळाला लावला. समोर लीगची ती सात धिप्पाड पोरं. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. मास्टर माझा दंड धरून पुटपुटत होते, "तोच दम. चौदा, ऐका, तोच दम." कोपऱ्यातल्या पोराने सवयीने झेप घेतली. किसनदादांनी पाय असा काढून घेतला की ते पोरगं मातीत तोंडावर पडलं. खोटं नाही, त्याने खरोखर पकडायचा प्रयत्न केला होता, नंतर त्यानेच मला सांगितलं. जाता जाता त्याच्या पाठीला बोट लावून म्हातारा एका दमात रेषेच्या अलीकडे आला. मग जो गलका उठला तो वालूरपर्यंत ऐकू गेला असेल. पाहुणे उभे, समिती उभी, पोरं टोप्या उडवताहेत, आणि मास्टर कैची हवेत फिरवत स्टेजवर नाचताहेत. असा दिवस मी सेलूत पुन्हा पाहिला नाही, आणि सेलूनेही आधी कधी पाहिला नसावा.

पडदा मात्र मास्टरांनी त्या दिवशी उसवला नाही. "आधी नाव बदला." आठ दिवस पाटी शिवलेल्या पडद्याआड राहिली आणि पेंटर आतून शिडी लावून काम करत होता. किसनदादांना विचारलं, आडनाव काय घालायचं? ते म्हणाले, गावाचं घाला. नवव्या दिवशी मास्टरांनी तिन्ही शिलाया एकेक टाका करत उसवल्या. 'शेवटची चढाई: किसन दगडू, वालूर.' त्याखाली, मुलाने स्वतःहून लिहवून घेतलेली दुसरी ओळ, 'बनियन: आबांचा.'

पुढे माझी बदली पालमला झाली. गेल्या उन्हाळ्यात सेलूला गेलो होतो. मास्टर मशीनवरच, सुया टोपीतच. किसनदादा स्टुलावर बसून चहा पीत होते, कपड्यांना फक्की लागत होती आणि कोणाची हरकत नव्हती. तेवढ्यात तो आपला कंडक्टर आला, केस पांढरे झालेला, पँटचं कापड घेऊन. मास्टरांचे डोळे चमकले. त्यांनी बटणं तोंडातून काढली.

"सांगा, चाळीस छातीच्या बनियनमंदी..."

"किसन दगडू, वालूर," कंडक्टर कापड ठेवत म्हणाला. "हे काय इचारनं झालं मास्टर? हे तर माझ्या नातीलाबी ठावं हाय. माप घ्या."

मास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग किसनदादांकडे, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं सांभाळलेला सवाल होता तो.

"बाद," ते म्हणाले आणि हसत हसत त्यांनी गळ्यातला टेप काढला. "हा सवाल आता बाद झाला, चौदा. समद्यांला येतोय."